बचावपटूसारखा धंदा करा: पाओलो मालदिनीच्या 25 वर्षांतून लहान उद्योजकांसाठी 5 धडे



धंद्याबद्दल बोलताना आपण नेहमी गोल मारणाऱ्यांबद्दल बोलतो. कोणी किती सेल केला, कोणाची रील किती चालली, कोणी वर्षभरात तीन शाखा काढल्या. आजचा धडा उलट्या टोकाचा आहे. आज आपण अशा माणसाकडून शिकणार आहोत ज्याचं काम गोल मारणं नव्हतंच. गोल होऊ न देणं हे त्याचं काम.

त्याचं नाव पाओलो मालदिनी. इटलीच्या एसी मिलान क्लबचा बचावपटू. फुटबॉल बघत नसाल तरी काही बिघडत नाही, लागेल तेवढं मी सांगतोच. व्हिडिओत वेळ कमी असतो, म्हणून आकडे आणि बारकावे इथे सविस्तर देतोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी काम आहे.

आधी थोडक्यात ओळख

जन्म 26 जून 1968, मिलान शहरात. 20 जानेवारी 1985 रोजी, वयाच्या 16व्या वर्षी, उदिनेझे संघाविरुद्ध पहिला सामना. शेवटचा सामना 31 मे 2009 रोजी, 41 वर्षं पूर्ण व्हायला महिनाही उरला नव्हता तेव्हा. मधली सगळी वर्षं एकाच क्लबात. 25 हंगाम, 902 अधिकृत सामने. इटलीच्या लीगमध्ये, म्हणजे सेरी आ मध्ये, 7 विजेतेपदं. युरोपातला सगळ्यात मोठा क्लब करंडक 5 वेळा: 1989, 1990, 1994, 2003 आणि 2007. देशासाठी 126 सामने आणि 4 विश्वचषक.

आता हा आकडा बघा: मिलानसाठी एवढ्या सामन्यांत त्याचे गोल फक्त 33. तरीही निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी जगातला सर्वोत्तम बचावपटू कोण, असा वाद निघाला की त्याचं नाव पहिल्या दोन-तीनांत येतंच. गोल न मारता लोकांच्या मनात इतकी वर्षं घर कसं करता येतं? आपला प्रश्न हाच आहे. कारण तुमच्या-माझ्यासारख्या लहान धंद्यातल्या माणसाकडे रोज गोल मारायची, म्हणजे जाहिरातीवर पैसे उधळायची ताकद नसते.

धडा 1: वडिलांची पाटी दार उघडते, गिऱ्हाईक टिकवत नाही

पाओलोचे वडील चेझारे मालदिनी हेही मिलानचेच बचावपटू आणि कर्णधार. 1963 साली लंडनच्या वेम्बली मैदानावर मिलानने पहिल्यांदा युरोपियन कप जिंकला, तेव्हा तो करंडक चेझारेंनीच उचलला होता. अशा घरातला मुलगा त्याच क्लबात खेळायला येतो तेव्हा लोक काय म्हणणार, ते वेगळं सांगायला नको. बापाच्या जिवावर आलाय!

पहिल्या हंगामात पाओलोला लीगचा तो एकच सामना मिळाला. पुढच्या हंगामापासून त्याची जागा पक्की झाली. शिवाय मूळचा तो उजव्या पायाचा, पण उजव्या बाजूला माउरो तासोत्ती जम बसवून होता. पाओलोची जागा झाली डावीकडे. मग त्याने डावा पाय इतका तयार केला की पुढे अनेकांना तो डावखुराच वाटायचा.

तुमच्यापैकी कितीतरी जण वडिलांचं किराणा दुकान, काकांची पिठाची चक्की, आईचा मसाल्याचा धंदा पुढे नेताय. नावामुळे पहिल्यांदा गिऱ्हाईक येतं, हे खरं. दुसऱ्यांदा येतं ते तुमच्या कामामुळे. आणि घरच्या धंद्यात आपल्या आवडीची जागा रिकामी असेलच असं नाही. थोरला भाऊ खरेदी बघत असेल तर तुमच्या वाट्याला हिशोब येईल, ऑनलाइन ऑर्डरी येतील. तो तुमचा डावा पाय. तो तयार करा.

2003 साली मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर युव्हेंटसला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून मिलानने पुन्हा तो करंडक जिंकला. कर्णधार पाओलो. वडिलांनी इंग्लंडमध्ये करंडक उचलला त्याला तेव्हा बरोबर 40 वर्षं झाली होती. त्या दिवशी त्याला कोणी चेझारेचा मुलगा म्हणून ओळखत नव्हतं. पण तिथे पोचायला पहिल्या सामन्यापासून 18 वर्षं लागली.

धडा 2: आग विझवण्यापेक्षा आग लागू न देणं स्वस्त

हा आजचा सगळ्यात महत्त्वाचा धडा.

साधारण बचावपटू काय करतो? समोरचा चेंडू घेऊन सुटला की मागे धावतो, जमिनीवर घसरत पाय घालतो. त्याला टॅकल म्हणतात. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, कारण ते दिसतं. मालदिनीची ख्याती वेगळी होती. चेंडू कुठे येणार याचा अंदाज घेऊन तो आधीच तिथे उभा असायचा. समोरच्याला वाट मिळायचीच नाही, मग घसरायची वेळ कशाला येतेय? टॅकल त्यालाही उत्तम यायचं, पण ते शेवटचं हत्यार म्हणून.

हे एकट्याने झालं नाही. 1987 साली आरिगो साकी मिलानचे प्रशिक्षक झाले. तोवर इटलीत बहुतेक संघांत बचावपटूंना एकेक माणूस वाटून दिलेला असायचा, तो जाईल तिकडे मागे जायचं. साकींनी सांगितलं, माणसामागे धावू नका, आपापली जागा सांभाळा आणि चौघं एका रेषेत एकदम पुढे-मागे सरका. तासोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी आणि मालदिनी ही ती चौकडी. त्यासाठी सराव किती, तर चेंडू न घेता नुसतं जागा बदलण्याचा सराव! पुढे फाबिओ कापेल्लो प्रशिक्षक असताना 1993-94 च्या हंगामात मिलानने 34 सामन्यांत फक्त 15 गोल खाल्ले. त्यांनी स्वतः मारले किती? फक्त 36. तरी लीग जिंकली. म्हणजे विक्री बेताची, पण गळती जवळपास नाही. नफा शिल्लक राहिला.

आता आपल्या धंद्यात या. समजा तुम्ही डबे पोचवता. एके दिवशी गॅस संपला, तुम्ही धावपळ करून शेजारून सिलिंडर आणला, रिक्षा करून डबे पोचवले. सगळे म्हणाले, वा, काय धडाडी! पण ही झाली घसरून केलेली टॅकल. रिक्षाचे पैसे गेले, डबा अर्धा तास उशिरा गेला, जीव टांगणीला लागला. भरलेला जादा सिलिंडर आधीच घरात असता तर कोणी टाळ्या वाजवल्या नसत्या. कोणाला काही कळलंच नसतं. आणि तेच खरं काम.

लहान धंद्यात गोल कुठून खाल्ले जातात, त्याच्या चार जागा लिहून घ्या:

• उधारी. वहीत नाव आहे पण तारीख नाही, मर्यादा नाही. माल देण्याआधी 'किती आणि कधी' हे दोन शब्द विचारणं म्हणजे योग्य जागी उभं राहणं. नंतर वसुलीला दहा चकरा मारणं म्हणजे मागे धावणं.

• कागदपत्रं. खाद्यपदार्थांचा धंदा आहे आणि एफएसएसएआय नोंदणीची मुदत कधी संपते ते आठवत नाही? जीएसटी रिटर्नची तारीख अकाउंटंटच्याच लक्षात? सगळ्या तारखा एका कागदावर लिहून गल्ल्याच्या वर चिकटवा.

• एकच पुरवठादार. त्याचा ट्रक अडकला की तुमचं दुकान अडकतं. दुसऱ्याकडून थोडासा का होईना, नियमित माल घ्या. ओळख राहते.

• घरखर्च आणि गल्ला एकच. यावर आपला वेगळा व्हिडिओ आहे, म्हणून इथे एवढंच: धंद्याचं खातं वेगळं काढा.

धडा 3: वय वाढलं की पळणं कमी करा, जागा बदला

डाव्या बाजूचा बचावपटू म्हणजे भरपूर पळापळ. पुढे हल्ल्याला जायचं, चेंडू गेला की धावत मागे यायचं. हे विशी-तिशीत जमतं. मालदिनी मात्र चाळिशीपर्यंत खेळला. कसा?

गरज पडेल तसा तो बचावाच्या मध्यभागी खेळत आलेला होता. 1994 च्या युरोपियन कप अंतिम सामन्यात बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघंही बंदीमुळे बाहेर होते. मालदिनी मध्यभागी उभा राहिला आणि मिलानने बार्सिलोनाला 4-0 ने हरवलं. करिअरच्या उत्तरार्धात मध्यभाग हीच त्याची मुख्य जागा झाली. तिथे पळणं कमी, अंदाज आणि बोलणं जास्त. गुडघे कुरकुरत होते, पण डोकं पूर्वीपेक्षा तल्लख झालं होतं. 2007 साली कर्णधार म्हणून त्याने पाचवा करंडक उचलला तेव्हा तो 39 च्या उंबरठ्यावर होता.

आपल्याकडे काय होतं? पहिली पाच वर्षं मालक स्वतः माल आणतो, स्वतः बनवतो, स्वतः पोचवतो. शाब्बास! पण दहाव्या वर्षीही तेच चालू असेल तर पाठ धरते आणि धंदा वाढायचा थांबतो. टेलरिंग करणाऱ्या ताई, तुमच्या हाताची कमाल कटिंगमध्ये आहे ना? मग काज-बटण, हातशिलाई, इस्त्री दुसऱ्या कोणाला तरी शिकवा. माप आणि कटिंग स्वतःकडे ठेवा. याला माघार म्हणत नाहीत. जिथे आपला अनुभव सगळ्यात जास्त कामी येतो त्या जागेवर सरकणं, एवढंच हे आहे. आणि हा बदल अंग थकायच्या आधी सुरू करायचा.

धडा 4: 3-0 ने पुढे असलात तरी सामना संपलेला नसतो

25 मे 2005, इस्तंबूल. चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, मिलान विरुद्ध लिव्हरपूल. पहिल्याच मिनिटाला गोल झाला. कोणी मारला? आपल्या बचावपटूने, मालदिनीने! मध्यंतराला मिलान 3-0 ने पुढे. करंडक जवळजवळ हातात.

दुसऱ्या अर्धात अवघ्या सहा मिनिटांत लिव्हरपूलने तीन गोल केले. 3-3. मग पेनल्टी शूटआउट, आणि मिलान हरलं.

जगातली सर्वांत अनुभवी बचावफळी सहा मिनिटांत ढासळू शकते. मग आपण कोण? मोठी ऑर्डर मिळाली की आपण पेढे वाटतो. दिवाळीच्या फराळाची दोन लाखांची ऑर्डर, कंपनीचं नाव मोठं, ॲडव्हान्स न घेताच कामाला लागलो, तूप-बेसन उधारीवर उचललं. माल गेला, बिल पाठवलं, आणि तिकडून उत्तर आलं: 'पेमेंट 60 दिवसांनी.' तुमचा दुकानदार मात्र आठ दिवसांत दारात. ही ती सहा मिनिटं. पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय ऑर्डर पूर्ण झाली असं म्हणायचं नाही. निम्मा ॲडव्हान्स मागा, आणि राहिलेल्या रकमेची तारीख लेखी घ्या.

आणि सहा मिनिटं कधी ना कधी येणारच, म्हणून गंगाजळी हवी. हिशोब सोपा आहे. समजा दुकानभाडं 8,000, मदतनिसाचा पगार 12,000, वीजबिल 3,000 आणि कर्जाचा हप्ता 7,000. महिन्याला 30,000 रुपये विक्री झाली नाही तरी जाणारच. तीन महिन्यांचे 90,000 बाजूला असतील तर तुम्ही पडलात तरी उठाल. एकदम नाही जमणार. रोजच्या गल्ल्यातून 100-200 काढायला आजपासून सुरुवात करा.

इस्तंबूलनंतर दोनच वर्षांनी, 2007 मध्ये अथेन्सला, तेच दोन संघ पुन्हा अंतिम फेरीत समोरासमोर आले. मिलान 2-1 ने जिंकलं. दुसरी संधी येते. पण ती येईपर्यंत आपण मैदानात असायला हवं ना!

धडा 5: कोणी एक गेला म्हणून दुकान बंद पडू नये

हा धडा मालदिनीच्या दुसऱ्या डावातला आहे. निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी, 2018 मध्ये, तो मिलानच्या व्यवस्थापनात आला आणि 2019 मध्ये तांत्रिक संचालक झाला. क्लबची अवस्था तेव्हा नाजूक होती. 2011 नंतर लीग जिंकलेली नव्हती.

2021 मध्ये पेच आला. गोलरक्षक जानलुइजी दोनारुम्मा, मिलानच्याच तालमीत वाढलेला, त्याचा करार संपत होता आणि पगारावर एकमत होईना. क्लबने आपली मर्यादा ओलांडली नाही. पण नुसते हट्टाला पेटून बसले नाहीत, फ्रान्सच्या लील क्लबातून माइक मॅन्यां हा गोलरक्षक आणला. दोनारुम्मा फुकटात गेला. आणि पुढच्याच हंगामात, 22 मे 2022 रोजी, मिलानने 11 वर्षांनी लीग जिंकली.

तुमचा मुख्य कारागीर उद्या म्हणाला, 'शेठ, पगार दुप्पट करा नाहीतर मी चाललो', तर? ज्याच्याकडे पर्याय तयार नाही तो एकतर शरण जातो किंवा भांडतो. दोन्हीत नुकसान. म्हणून कृती लिहून ठेवा, मापं लिहून ठेवा, एका कामाला किमान दोन हात तयार ठेवा. आणि हो, चांगल्या माणसाला वेळेवर योग्य पगार द्या, म्हणजे ही वेळच कमी येईल. तोही बचावच.

हेही सांगायला हवं, की लीग जिंकल्यानंतर साधारण वर्षभराने, जून 2023 मध्ये, नव्या मालकांनी मालदिनीला पदावरून दूर केलं. म्हणजे क्लबला जो नियम, तोच त्यालाही. तुमच्याशिवाय तुमचा धंदा आठ दिवस चालतो का, हेही एकदा तपासून बघा.

मग लोकप्रियता टिकली कशामुळे?

इथे एक कडू प्रसंग सांगतो, कारण सगळं गोडगोड असतं असं मला तुम्हाला शिकवायचं नाही.

24 मे 2009. सान सिरो, मिलानचं घरचं मैदान. मालदिनीचा तिथला शेवटचा सामना, रोमाविरुद्ध. मिलान 3-2 ने हरलं. सामन्यानंतर तो मैदानाला फेरी मारत असताना बहुतेक सगळं स्टेडियम टाळ्या वाजवत होतं. पण कट्टर समर्थकांच्या एका गटाने शिट्ट्या मारल्या, टोमण्यांचे फलक लावले, आणि कर्णधार एकच, तो म्हणजे बारेसी, असं दाखवून दिलं. या गटाशी मालदिनीचं आधीपासून बिनसलेलं होतं. त्याने कधी त्यांची मर्जी सांभाळली नव्हती. 25 वर्षं दिली, आणि निरोपाला शिट्ट्या!

पुढच्या रविवारी अखेरचा सामना फ्लोरेन्समध्ये, फिओरेंतिनाच्या मैदानावर. तिथे प्रतिस्पर्ध्याच्या प्रेक्षकांनीही त्याला टाळ्यांच्या गजरात निरोप दिला.

यातून काय घ्यायचं? लोकप्रियता म्हणजे सगळ्यांना खूश ठेवणं नव्हे. सगळ्यांना खूश ठेवायला गेलात तर उधारीची मर्यादा मोडाल, दर पाडाल, दर्जा घसरेल. चार गिऱ्हाइकं तुमच्या नियमांवर नाराज होतील, होऊ द्या. पण समोरचा दुकानदार, म्हणजे तुमचा स्पर्धक, त्याच्या गिऱ्हाइकाला जेव्हा सांगतो की 'माझ्याकडे नाहीये, पण त्यांच्याकडे जा, माल चोख असतो', तेव्हा समजायचं की नाव झालं. ते नाव जाहिरातीने येत नाही. हजार वेळा काही चुकलं नाही, म्हणून येतं.

मिलानने त्याचा 3 नंबरचा शर्ट निवृत्त केला. तो पुन्हा कोणी घालायचा तर फक्त त्याच्या मुलांपैकी कोणी, क्लबसाठी खेळला तर. त्याचा मुलगा दानिएल पुढे मिलानकडून खेळला, गोलही मारला, पण तो 3 नंबर घालून नव्हे. पाटी तयार होती, तरी त्याने स्वतःचा नंबर घेतला. पहिला धडा आठवला ना?

एक सावधगिरी

मालदिनीला नशिबाचीही साथ होती. घरात कर्णधार बाप, 1986 नंतर क्लबाला पैसेवाला मालक, शेजारी बारेसीसारखा बचावपटू. तुमच्याकडे हे नसेल. आणि एवढं असूनही विश्वचषक त्याला कधीच मिळाला नाही, 1994 ला अंतिम सामना पेनल्टीवर गेला. म्हणून 'असं केलं की यश नक्की' असं मी म्हणणार नाही. बचाव चांगला असेल तर जिंकण्याची खात्री नसते, पण मैदानात टिकण्याची शक्यता नक्की वाढते. आणि लहान धंद्याला आधी टिकायचं असतं.

या आठवड्याचं काम

1. गेल्या तीन महिन्यांत तुम्हाला कुठे कुठे धावपळ करावी लागली, ते आठवून लिहा. किमान पाच प्रसंग.

2. प्रत्येकापुढे लिहा: आधी काय केलं असतं तर ही वेळ आली नसती? किती खर्च आला असता? आणि प्रत्यक्षात किती गेला?

3. त्यातली सगळ्यात स्वस्त उपाययोजना निवडा आणि येत्या रविवारपर्यंत करून टाका. एकच, पण पूर्ण.

4. महिन्याचा न टळणारा खर्च काढा, तिनाने गुणा. तो आकडा मोठ्या अक्षरात लिहा आणि आजच्या गल्ल्यातून पहिले 100 रुपये बाजूला काढा.

तुमची यादी कमेंटमध्ये टाका, मी वाचतो. पुढच्या भागात उधारीची वही घेऊन बसू या. तोवर आपापली जागा सांभाळा!